बेताच्या पैशांत वेगाची बोट

सुरतहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग नवापूर ओलांडून विसरवाडीत येतो आणि पुढे कोंडाईबारीचा घाट चढू लागतो. इथून समुद्र दूर आहे, पण बोटीचा विषय इथे परका नाही. वायव्येला तापीवरच्या उकाई धरणाचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीत शिरलेला आहे. धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं आणि नवापूर-नंदुरबार भागातली गावं आणि शेतं त्या पाण्याखाली गेली. उत्तरेला सातपुडा ओलांडला की सरदार सरोवराचं पाणी. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्या प्रकल्पाने बाधित झाली. मणिबेली, चिमलखेडीसारख्या ठिकाणी दवाखाना, रेशन, शाळा यांचा रस्ता पाण्यावरूनच जातो. करोनाच्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मासेमारीची नाव स्वतः वल्हवत बालकांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोचल्या, ती बातमी देशभर गेली. त्या आधीच्या वर्षी, १५ जानेवारी २०१९ ला, धडगाव तालुक्यात भुषाजवळ संक्रांतीच्या पर्वणीला निघालेल्या माणसांची गच्च भरलेली बोट नर्मदेत उलटली आणि मुलांसह अनेकांचा जीव गेला.

अशा नंदुरबार जिल्ह्यात कुणी वेगाची बोट घ्यायचं मनात आणलं, तर त्याला फक्त हौशी म्हणून बाजूला सारता येणार नाही. तासाभराचं अंतर वीस मिनिटांवर आणणारी बोट आजाऱ्याच्या उपयोगी पडते, पर्यटकांना फिरवून पोटही भरते. सातारा जिल्ह्यातल्या तापोळा आणि बामणोलीत कोयनेच्या शिवसागरावर गावकऱ्यांनी बोट क्लब उभे केले आणि जमिनी गिळणाऱ्या पाण्यावरच रोजगार मिळवला. अडचण पैशांची आहे. हौसेच्या आणि खेळाच्या बोटींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो. म्हणून पहिली बोट घेणारा जवळजवळ नेहमीच वापरलेल्या बोटीकडे वळतो. मांडवा, अलिबाग, मालवण, मुंबई बंदर, गोवा, कोयना अशा ठिकाणांहून ती येते, ट्रकवर चढते आणि महामार्गाने इकडे पोचते.

वापरलेली मोटार घेण्याचा अनुभव इथे थोडाच कामाला येतो. मोटारीचा मेकॅनिक विसरवाडीतही सापडेल. दीडशे अश्वशक्तीच्या आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे टांगायच्या इंजिनाचा, सापडणार नाही. त्यामुळे बोट किती वेगाने पळते याच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की ती बंद पडली तर कोण, कुठे, किती दिवसांत आणि कुठल्या सुट्या भागांनी दुरुस्त करणार? याचं उत्तर ज्या बोटीपाशी मिळतं, ती थोडी हळू आणि थोडी महाग असली तरी घ्यावी.

आता वेग मुळात येतो कुठून, ते पाहू. साधी होडी पाणी कापत जाते, वेगाची बोट पाण्यावर चढते. इंजिनाने पुरेसा रेटा दिला की बोटीचा पुढचा भाग उचलला जातो, तळाचा थोडाच पृष्ठभाग पाण्याला टेकतो, घर्षण घटतं आणि ती पृष्ठभागावरून घसरत धावते. सपाट तळाची बोट शांत पाण्यात कमी ताकदीत पटकन वर येते, पण लाटेवर आपटते. समुद्रात हे आपटणं असह्य होतं. रे हंट या अमेरिकी आरेखकाने तळाला मागपर्यंत खोल ‘व्ही’ आकार दिला. त्या आकाराच्या ‘मॉपी’ नावाच्या बोटीने १९६० ची मायामी ते नॅसो शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. तिचा मालक असलेल्या डिक बर्ट्रमने त्याच आकारावर बोटींचा कारखाना उभारला आणि आजच्या बहुतेक वेगवान सागरी बोटी त्याच घराण्यातल्या. मार्च २०१६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर ‘पी वन’ पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हा हजारो मराठी प्रेक्षकांनी अशा बोटी पहिल्यांदा जवळून पाहिल्या.

त्या शर्यती पाहून मनात भरलेली बोट उकाईच्या फुगवट्यासाठी मात्र योग्य नाही. खोल ‘व्ही’ तळाला वर यायला जास्त ताकद लागते आणि उथळ काठाशी तो अडतो. धरणाच्या पाण्यात मध्यम ‘व्ही’ तळ पुरतो. समुद्रासाठी बांधलेली बोट स्वस्तात मिळते म्हणून घेतली, तर न लागणाऱ्या गुणाचं पेट्रोल आयुष्यभर जाळावं लागतं.

ताकद आणि वेग यांचं नातंही नवख्याला फसवतं. जॉर्ज क्राउच या आरेखकाने मांडलेल्या आणि अजूनही वापरात असलेल्या सूत्रानुसार अशा बोटीचा वेग ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे तीच बोट, तेच वजन ठेवून शंभर अश्वशक्तीच्या जागी दीडशे लावली, तर ताकद ५० टक्के वाढली तरी वेग साधारण २२ टक्केच वाढतो. वेग दुप्पट हवा तर ताकद चौपट. उलट दिशेने पाहिलं की यातच बेताच्या पैशांचा मार्ग दिसतो. वजन घटवलं तरी तोच फायदा मिळतो, आणि त्याला पेट्रोल लागत नाही.

जुन्या बोटीचं वजन वाढतं, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. बाहेरून ती फायबरची असते, पण आत बऱ्याचदा लाकूड असतं. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांबट पट्ट्या, पायाखालची फळी आणि मागची उभी भिंत, म्हणजे जिच्यावर आउटबोर्ड टांगतात तो ट्रान्सम, यांत प्लायवूड घालून वरून फायबर चढवलेलं असतं. पोकळ्यांत तरंगण्यासाठी फोम भरतात. कुठे एखादा स्क्रू नीट न बुजवता मारला, की त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट सापडत नाही. लाकूड कुजतं, फोम भिजतो. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत शंभर-दोनशे किलो पाणी वाहिलं जातं.

हे पकडायला महाग यंत्र लागतंच असं नाही. महामार्गावर जागोजाग ट्रकचे वजनकाटे आहेत. बोट चढवण्याआधी रिकामा ट्रक आणि चढवल्यावर भरलेला ट्रक तोलायचा, टाकीतलं पेट्रोल, इंजिन, बॅटरी यांचं वजन वजा करायचं आणि उरलेला आकडा बोट बांधणाऱ्याच्या माहितीपत्रकातल्या कोऱ्या वजनाशी ताडून पाहायचा. सतरा-अठरा फुटी बोटीत दीडशे किलोचा फरक निघाला आणि त्याचं कारण सापडलं नाही, तर आत पाणी आहे असं धरून चालावं. काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे करेल, पण दीडशे किलोला तो चुकत नाही. हा तपास सौदा ठरण्याआधी व्हायला हवा, म्हणून निदान त्या काट्यापर्यंतची वाहतूक आपल्या खर्चाने करायची तयारी ठेवावी. विकणारा त्याला तयार नसेल, तर त्यातूनही काही कळतंच.

बाकी तपासणी हातांनी होते. लहान हातोडीच्या दांड्याने तळ, ट्रान्सम आणि फळी वीतभर अंतरावर ठोकत जायचं. चांगलं फायबर खणखणीत वाजतं, कुजलेल्या लाकडावर आवाज बसका होतो. मग इंजिन वर उचलून ठेवावं, त्याचा खालचा भाग धरून वर-खाली दाब द्यावा आणि ट्रान्सम वाकतो का ते पाहावं. ट्रान्सम केसभरही हलला, तर ती बोट वेगासाठी बाद. ट्रान्समच्या कोपऱ्यांत पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक भेगा जास्त वजनाचं किंवा जास्त ताकदीचं इंजिन टांगल्याची खूण असतात. आतला तळ ताजा रंगवलेला दिसला, तर त्या रंगाखाली काय आहे ते विचारावं. पायाखालच्या फळीखाली बसवलेली ॲल्युमिनियमची पेट्रोल टाकी हाही मोठा खर्च आहे. ती गंजून गळू लागली तर बदलण्यासाठी पूर्ण फळी कापावी लागते.

बोट पाहायला जावं कधी, याचं माझं उत्तर ठाम आहे: मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढून प्लास्टिकखाली ठेवतात. तळ उघडा पाहायला मिळतो, आणि तीन महिने बोट सांभाळण्याचा खर्च डोळ्यांपुढे असलेला मालक भावाबद्दल ऐकून घेतो.

आता इंजिन. ‘फार कमी चाललंय’ हे विकणाऱ्याचं आवडतं वाक्य, आणि घेणाऱ्याने त्यालाच सगळ्यात आधी घाबरावं. नियमित चालणाऱ्या आणि गोड्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या इंजिनापेक्षा चार वर्षं ताडपत्रीखाली पडलेलं इंजिन जास्त धोक्याचं. रबराचे सील सुकतात, पाणी फिरवणाऱ्या पंपातला रबरी पंखा वाकलेल्या अवस्थेतच कडक होतो, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो. आधुनिक फोर-स्ट्रोक इंजिनांच्या संगणकात किती तास, कोणत्या फेऱ्यांवर चाललं याची नोंद असते. कंपनीच्या अधिकृत मेकॅनिककडून ती छापून घ्यावी. त्या कागदावर पूर्ण थ्रॉटलचे तास जास्त असतील, तर ती बोट पर्यटकांना उडवून आणण्यासाठी राबली आहे.

मेकॅनिकला न्यावंच, आणि तो विकणाऱ्याचा नसावा. त्याने करायची मुख्य कामं तीन. एक, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे महत्त्वाचं. दुसरं, खालच्या गिअरमधलं तेल थोडं काढून पाहणं. ते दुधाळ असेल तर सील गेलं आहे आणि पाणी आत शिरलं आहे. त्यात धातूचे कण चमकले, तर गिअरच बदलावे लागणार. तिसरं, इंजिन पाण्यात, भाराखाली, पूर्ण थ्रॉटलवर चालवणं. बहुतेक फोर-स्ट्रोक आउटबोर्डनी मिनिटाला पाच ते सहा हजार फेऱ्यांच्या ठरलेल्या पट्ट्यात पोचायला हवं. तिथे ते पोचत नसेल, तर प्रॉपेलर चुकीचा आहे, बोट जड झाली आहे किंवा इंजिन थकलं आहे. किनाऱ्यावर पाइप लावून सुरू केलेलं इंजिन यातलं काहीही सांगत नाही.

कोणत्या कंपनीचं इंजिन, हा प्रश्न इथे हौसेचा राहत नाही. ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये मिलवॉकीत विकायला काढलेलं आउटबोर्ड घराघरांत पोचलं आणि त्याचं नाव शंभर वर्षं टिकलं. मे २०२० मध्ये मालक कंपनीने एव्हिनरूडचं उत्पादन बंद केलं. ती इंजिनं वाईट नव्हती, आणि जुन्या बाजारात ती मोहात पाडणाऱ्या भावाने दिसतात. पण विसरवाडीहून त्याचा एखादा इंजेक्टर मिळवायचा म्हणजे महिनोन् महिने वाट पाहणं. कोळीवाड्यांत, मासेमारी बंदरांत यामाहाची टू-स्ट्रोक एंड्युरो किंवा सुझुकीची इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. त्यांचे भाग आणि ती खोलून जोडणारे हात किनारपट्टीवर कायम मिळतात. वेगाच्या दृष्टीने ती इंजिनं मागे पडतील. पहिल्या बोटीसाठी तरीही तीच निवड शहाणपणाची, किंवा मग ज्या कंपनीचा अधिकृत विक्रेता मुंबईत अथवा सुरतेत आहे तिचं फोर-स्ट्रोक.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण जुनी बोट आज यातूनच सगळ्यात जास्त मरते. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. मोटारीची टाकी आठवड्याभरात रिकामी होते, बोटीची दोन-दोन महिने तशीच राहते आणि तिच्या हवा-नळीतून पावसाळी हवा आत जात राहते. पाण्याचं प्रमाण एका हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जातात. इंजिनाची नळी नेमकी तिथूनच ओढते. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले सील इथेनॉलने मऊ पडतात, त्यांचे कण पुढे जाऊन भोकं बुजवतात. म्हणून वापरलेली बोट घरी आली की पहिल्याच दिवशी टाकी पूर्ण उपसावी, सगळ्या इंधन-नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर बसवावा. हा खर्च बोटीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. यानंतर बोट उभी ठेवताना टाकीत पेट्रोल ठेवूच नये.

पेट्रोल किती लागेल? पूर्ण थ्रॉटलवर ११५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक तासाला चाळीस लिटरच्या आसपास जाळतं. लिटरमागे शंभराच्या पुढचा भाव धरला तर ताशी चार हजार रुपयांहून अधिक. मध्यम वेगावर खर्च निम्म्यावर येतो आणि बोट पाण्यावर चढलेलीच राहते.

कागदांकडे वळताना एक जुनी आठवण उपयोगी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात हल्लेखोर ज्या रबरी बोटीतून उतरले, तिला यामाहाचं आउटबोर्ड होतं. त्या इंजिनाच्या क्रमांकावरून त्याच्या खरेदीचा माग पाकिस्तानापर्यंत लागला. तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर इंजिनाचा क्रमांक ही साधी बाब राहिलेली नाही. बोटीच्या नोंदणीपत्रावरचा क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक एकच असला पाहिजे. घासलेला किंवा नव्याने चिकटवलेला दिसला, तर तिथूनच परत फिरावं. नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडची असेल, तर मंडळाच्या कार्यालयात जाऊन बोटीवर कर्जाचा बोजा आहे का ते विचारून घ्यावं. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ मुळे एका राज्यात झालेली नोंदणी आता देशभर ग्राह्य असते. नंदुरबारसाठी हे फार मोलाचं, कारण उकाईचं पाणी असो की सरदार सरोवराचं, बोट बोलता बोलता गुजरातच्या हद्दीत जाते. धरणाच्या पाण्यात बोट घालण्याची परवानगी मात्र धरण सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून वेगळी घ्यावी लागते. पैसे देण्याआधी ती लेखी मिळते का, ते पाहावं.

पाण्यावरची चाचणी हा सगळ्यात आनंदाचा आणि सगळ्यात धोक्याचा टप्पा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. नौदलाने सांगितलं, की इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाड झाला आणि बोट ताब्यात राहिली नाही. प्रशिक्षित माणसांच्या हातून असं घडतं, तर अनोळखी बोट घेऊन गर्दीच्या पाण्यात वेग तपासणं हा गुन्हाच मानावा. चाचणी मोकळ्या पाण्यात व्हावी, सकाळी, जॅकेट घालून, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवूनच. ही लाल दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का, ते आधी काठावर दोनदा पाहावं. अमेरिकेत लहान वेगवान बोटींवर ही दोरी वापरणं १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडच्या बोटींवर ती बहुतेकदा स्टिअरिंगला गुंडाळलेली दिसते.

स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावं. तारेचं स्टिअरिंग आत गंजलं की अडखळतं आणि वेगात ते अडखळलं तर बोट एका बाजूला फेकली जाते. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या बोटीला हायड्रॉलिक स्टिअरिंग असावं, ते नसेल तर त्याचा खर्च किमतीतून कापून घ्यावा.

२४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कामाकडे निघालेली एक स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एक जण दगावला. धरणाच्या फुगवट्यात असा खडक प्रत्येक वळणावर असू शकतो. बुडालेली झाडं, जुने बांध, घरांचे चौथरे पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी दोन मीटर खाली असतात, कधी वीतभर. उन्हाळ्यात उकाईची पातळी उतरते, तेव्हा मार्चमधली सुरक्षित वाट मे महिन्यात प्रॉपेलर तोडते. इथे वेगाचा रस्ता मासेमारांना विचारून ठरवावा आणि दर महिन्याला पुन्हा विचारावा.

हे सगळं ध्यानात ठेवलं तर हिशेब असा बसतो. दहा लाख हाताशी असतील तर बोट, इंजिन मिळून साडेसहा लाखांच्या वर जाऊ नये. उरलेले साडेतीन लाख नळ्या, बॅटरी, स्टिअरिंग, जॅकेटं, ट्रक-क्रेन, नोंदणी आणि पहिल्या वर्षात निघणाऱ्या आजारांसाठी ठेवावेत. समुद्रातली बोट आणि कोयनेसारख्या गोड्या पाण्यातली बोट यांचा भाव सारखा असेल, तर दुसरी निवडावी, कारण खाऱ्या पाण्याने इंजिनाच्या आतले पाण्याचे मार्ग खाल्लेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. समुद्राचीच घेतली, तर गंज आपल्यावर ओढून घेणारे इंजिनावरचे जस्ताचे ठोकळे बदलायला विसरू नये. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. तिथे मॅग्नेशियमचे ठोकळे लागतात, नाहीतर बोट पाण्यात राहिली की इंजिनाचं ॲल्युमिनियमच झिजू लागतं. ठोकळे स्वस्त आहेत, पण नंदुरबारात मिळणार नाहीत. ते, पंपाचे दोन रबरी पंखे, एक जादा प्रॉपेलर, स्पार्क प्लगांचा संच आणि दोन फिल्टर मुंबईहून बोटीबरोबरच ट्रकमध्ये टाकून आणावेत.